टायरोसिन पाण्यात विरघळेना? अमिनो आम्लांसाठी द्रावक कसा निवडायचा

बीकरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आहे, मॅग्नेटिक स्टिरर अर्धा तास फिरतोय आणि पांढरी पूड अजून पाण्यावर तरंगतेच आहे. पहिल्यांदा टायरोसिनचं द्रावण करणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडते. मग हात कपाटातल्या दुसऱ्या बाटलीकडे जातो: इथेनॉल, ॲसिटोन, नाहीतर डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड). ती पूड त्यातही विरघळत नाही आणि महागडं अमिनो आम्ल मात्र वाया जातं. अमिनो आम्लांच्या बाबतीत द्रावक बदलण्याआधी पाण्याचा पीएच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू, बदलून पाहायचा असतो. आणि त्याच्याही आधी, आपल्याला नेमकं किती विरघळवायचं आहे आणि ते द्रावण पुढे कुठे जाणार आहे, हे कागदावर मांडायचं असतं.

स्वभाव मिठाचा

अमिनो आम्ल सेंद्रिय असलं तरी स्वभावाने मिठाच्या जवळचं आहे. रेणूच्या एका टोकाचा कार्बोक्सिल गट आपला प्रोटॉन सोडून ऋणप्रभारित होतो, दुसऱ्या टोकाचा अमिनो गट प्रोटॉन घेऊन धनप्रभारित होतो. एकाच रेणूवर दोन्ही प्रभार असलेल्या या रूपाला झ्विटर आयन म्हणतात. स्फटिकात एका रेणूचं धन टोक शेजारच्याच्या ऋण टोकाला घट्ट धरून बसतं. ही पकड किती मजबूत आहे ते ग्लायसिनकडे पाहून कळतं. ॲसिटिक आम्लाचा रेणू आकाराने ग्लायसिनच्या जवळपास, पण ते १६.६ अंश सेल्सिअसच्या वर द्रव असतं. ग्लायसिन मात्र २३० अंशांच्या पुढे जाईपर्यंत घन राहतं, आणि तेव्हाही नीट न वितळता करपतं.

ही पकड सोडवायला प्रभारांमधली ओढ कमी करणारा द्रावक लागतो. ते बळ डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून कळतं: २५ अंशांना पाण्याचा सुमारे ७८, डीएमएसओचा ४७ च्या आसपास, इथेनॉलचा २४-२५. म्हणूनच ‘सेंद्रिय पदार्थ सेंद्रिय द्रावकात’ हा नियम इथे चालत नाही. उलट, पाण्यातल्या ग्लायसिनमध्ये इथेनॉल ओतलं की ग्लायसिन स्फटिक होऊन खाली बसतं. शुद्धीकरणासाठी हीच युक्ती वापरतात. अपवाद प्रोलिनचा: ते अल्कोहोलमध्येही बऱ्यापैकी विरघळतं.

पाण्यातली विद्राव्यता मात्र अमिनो आम्लागणिक कमालीची बदलते. २५ अंशांना एका लिटर पाण्यात प्रोलिन दीड किलोच्या वर मावतं, ग्लायसिन सुमारे २५० ग्रॅम, फिनाइलॲलानिन २९ च्या आसपास, ल्युसिन २४, ट्रिप्टोफॅन ११, ग्लुटामिक आम्ल ८.६, ॲस्पार्टिक आम्ल ५ ग्रॅम. टायरोसिन फक्त ०.४५ ग्रॅम आणि सिस्टिन ०.११ ग्रॅम.

यातली एक जोडी थांबून पाहण्यासारखी आहे. टायरोसिन म्हणजे फिनाइलॲलानिनच्या वलयावर एक हायड्रॉक्सिल गट जास्त. हायड्रॉक्सिल गट पाण्याला आवडतो, तेव्हा टायरोसिन जास्त विरघळायला हवं. प्रत्यक्षात ते साठपट कमी विरघळतं. कारण तो हायड्रॉक्सिल गट स्फटिकातच शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जोडतो आणि आधीच घट्ट असलेली वीण आणखी घट्ट करतो. पाण्याला रेणू आवडतो की नाही एवढंच पाहून भागत नाही, स्फटिक त्याला सोडायला तयार आहे का तेही पाहावं लागतं. टायरोसिन आणि सिस्टिन निसर्गातही असेच हट्टी आहेत. मुरलेल्या चीजवर दिसणारे पांढरे कण बऱ्याचदा टायरोसिनचे असतात. १८४६ मध्ये लीबिगने ते चीजमधूनच वेगळं केलं आणि त्याचं नावही चीजच्या ग्रीक शब्दावरून आलं. सिस्टिन तर १८१० मध्ये वोलॅस्टनला मूतखड्यातच सापडलं.

पायरी १: बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचा

‘लायसिन’ म्हणून विकत घेतलेली बाटली बहुतेक वेळा लायसिन मोनोहायड्रोक्लोराइडची असते: रेणुभार १८२.६५, तर नुसत्या लायसिनचा १४६.१९. सिस्टीन हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेटचा १७५.६, नुसत्या सिस्टीनचा १२१.१६. चुकीचा आकडा धरून वजन केलं तर सिस्टीनचं द्रावण ठरल्यापेक्षा सुमारे ३० टक्के पातळ होतं आणि प्रयोग का फसला ते कळत नाही. हायड्रोक्लोराइड पाण्यात चटकन विरघळतो खरा, पण द्रावण आम्लधर्मी करतो, हेही लक्षात असू द्या. सिस्टीन आणि सिस्टिन ही नावं जुळी वाटली तरी पदार्थ वेगळे आहेत: सिस्टीनचे दोन रेणू गंधकाने जोडले की सिस्टिन होतं. पहिलं पाण्यात भरपूर विरघळतं, दुसरं जवळजवळ नाहीच.

एल (एकाच हाताच्या रचनेचे रेणू) आणि डीएल (डाव्या-उजव्या रचनेच्या रेणूंचं समप्रमाण मिश्रण) हा फरकही पाहा. दोन्हींचे स्फटिक वेगळे रचले जातात, त्यामुळे एकाचा विद्राव्यतेचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

पायरी २: आधी हिशेब, मग वजनकाटा

प्रोटिएज (प्रथिनं तोडणाऱ्या) एन्झाइमची क्रियाशीलता मोजताना केसिन (दुधातलं प्रथिन) आणि फोलिन अभिकर्मकाच्या पद्धतीत टायरोसिनचं प्रमाण द्रावण, म्हणजे तुलनेसाठी माहीत तीव्रतेचं द्रावण, लागतं, सहसा ०.२ मिलिग्रॅम प्रति मिली. म्हणजे लिटरला ०.२ ग्रॅम. मर्यादा ०.४५ ची. इथे आम्लही नको, अल्कही नको. साधं पाणी पुरतं. २० मिलिग्रॅम टायरोसिन बीकरमध्ये घ्या, ८० मिली पाणी घाला, वॉटर बाथवर ५०-६० अंशांपर्यंत ढवळत कोमट करा, पूर्ण विरघळलं की खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच १०० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतून खुणेपर्यंत भरा. उकळू नका आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क कधीच गरम करू नका, त्याचं माप बिघडतं.

आता हेच १० मिलीमोलर हवं असेल तर? १० मिलीमोलर म्हणजे लिटरला ०.०१ मोल, टायरोसिनचे १.८१ ग्रॅम, मर्यादेच्या चौपट. पाण्यात कितीही ढवळलं तरी ते होणार नाही. इथे लोक गरम करण्याच्या नादी लागतात. टायरोसिनची विद्राव्यता शून्य अंशाला लिटरला सुमारे ०.२ ग्रॅम, ५० अंशांना १.०५, ७५ ला २.४ आणि १०० ला ५.६ ग्रॅम. म्हणजे ७५ अंशांना १.८ ग्रॅम खरंच विरघळतं, द्रावण स्वच्छ दिसतं, आणि बाटली थंड झाली की तळाशी रेशमासारख्या बारीक सुयांचा थर बसतो. उष्णता विरघळण्याचा वेग वाढवते, तो तिचा उपयोग. पण ज्या तापमानाला द्रावण वापरायचं आणि साठवायचं आहे, त्या तापमानाची मर्यादा ती वाढवू शकत नाही.

याच आकड्यांमध्ये आणखी एक फसवणूक दडली आहे. वरचं ०.२ ग्रॅमचं प्रमाण द्रावण ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवलं तर ते अगदी काठावर असतं. रात्रीत थोडे स्फटिक पडले आणि सकाळी वरचंच द्रावण पिपेटने घेतलं, तर प्रमाण आलेख चुकतो. फ्रिजमधून काढलं की कोमट करा, ढवळा, प्रकाशात धरून पाहा, मगच वापरा. तक्त्यांमधले आकडे २५ अंशांचे असतात हेही विसरू नका. मे महिन्यात विदर्भातल्या पंख्याखालच्या प्रयोगशाळेत जे विरघळतं, ते वातानुकूलित उपकरणाच्या खोलीत २० अंशांना खाली बसू शकतं.

पायरी ३: आधी चिमूटभर

सगळी पूड एकदम द्रावकात टाकू नका. १० मिलिग्रॅम परीक्षानळीत घ्या आणि ०.१ मिली द्रावक घालून हलवा. विरघळलं तर विद्राव्यता मिलीला १०० मिलिग्रॅम किंवा जास्त. नाही तर एकूण १ मिलीपर्यंत न्या, मग १० मिलीपर्यंत. दर वेळी दोन-तीन मिनिटं थांबा. दहा मिनिटांत अंदाज येतो आणि वाया जातं ते फक्त १० मिलिग्रॅम.

न विरघळणं आणि न भिजणं यांत गल्लत होऊ देऊ नका. ल्युसिन आणि आयसोल्युसिनची पूड पाण्यावर कापसासारखी तरंगते, कारण तिचा पृष्ठभाग पाणी झटकतो. ती पुरेशी विद्राव्य आहे, फक्त भिजत नाही. कोरड्या बीकरमध्ये थोडंसं पाणी घालून काचकांडीने आधी लगदा करा, मग उरलेलं पाणी घाला.

पायरी ४: आम्ल की अल्क?

झ्विटर आयनवर एकूण प्रभार शून्य असतो. हे ज्या पीएचला घडतं त्याला समविद्युत बिंदू म्हणतात, आणि विद्राव्यता तिथेच सर्वांत कमी असते. पीएच पुरेसा खाली नेला तर कार्बोक्सिल गटाला प्रोटॉन परत मिळतो आणि रेणू निव्वळ धनप्रभारित होतो. वर नेला तर ऋणप्रभारित. एकाच प्रभाराचे रेणू स्फटिकात जवळ बसायला तयार नसतात आणि पाणी त्यांना सहज ओढून घेतं.

कळीचा शब्द ‘पुरेसा’. टायरोसिनचे पीकेए, म्हणजे त्याचा एकेक गट ज्या पीएचला अर्धा प्रोटॉन सोडलेला असतो ते आकडे, आहेत २.२, ९.१ आणि १०.१. या पहिल्या दोन आकड्यांच्या मधलं सगळं मैदान सपाट आहे. पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) टायरोसिन साध्या पाण्याइतकंच विरघळतं, म्हणजे सुमारे २.५ मिलीमोलर. ‘बफरमध्ये विरघळेल’ ही आशा फोल आहे. पीएच ४ वरही काही हाती लागत नाही. पीएच १ ला मात्र विद्राव्यता हिशेबाने सुमारे सतरापट होते, १० ला साधारण पंधरापट, आणि १२ ला अडचणच उरत नाही, कारण तिथे फिनॉलचा हायड्रॉक्सिल गटही प्रोटॉन सोडून देतो.

आम्लातली कृती, १० मिलीमोलर, १०० मिली: १८१.२ मिलिग्रॅम टायरोसिन कोरड्या बीकरमध्ये घ्या. १ नॉर्मल (इथे १ मोलर इतकंच) हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिली घालून लगदा करा आणि स्वच्छ होईपर्यंत ढवळा, पाच-दहा मिनिटं लागतात. मग पाण्याने व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये नेऊन १०० मिली करा. अंतिम आम्ल साधारण ०.१ नॉर्मल राहतं आणि त्यात १० मिलीमोलर आरामात टिकतं. १ नॉर्मल आम्लासाठी बाजारातलं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ८५ मिली एका लिटरला लागतं. फ्यूम हूडमध्ये, गॉगल लावून, आम्ल पाण्यात ओता. पाणी आम्लात कधीही नाही.

अल्कातली कृती, ५० मिलीमोलर, १०० मिली: ९०६ मिलिग्रॅम टायरोसिन ६० मिली पाण्यात ढवळत ठेवा आणि १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा. टायरोसिनच्या एका मोलला अल्काचे दोन मोल लागतात, म्हणजे इथे १० मिली. एखादा मिली वर. शेवटच्या एक-दोन मिलीत गढूळपणा एकदम निवळतो, ते डोळ्यांनी दिसतं. मग १०० मिली करा. हे द्रावण हवेत पिवळसर होत जातं, तेव्हा लागेल तेवढंच करा आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. काचेचं बूच अल्कामुळे चिकटून बसतं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड पीएच हळूहळू खाली आणतो.

ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांना हिशेब आणखी सोपा आहे. त्यांचे समविद्युत बिंदू २.८ आणि ३.२ च्या आसपास आहेत, त्यामुळे थोडं अल्क दिलं की काम होतं. ०.१ मोलर ॲस्पार्टिक आम्लासाठी १.३३ ग्रॅम पूड आणि १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड १० मिली, एकूण १०० मिली. एका मोलला अल्काचा एकच मोल, आणि पीएच ६ ते ७ च्या घरात येतो. पुढे कोणी त्यात आम्ल घातलं आणि पीएच ४ च्या खाली गेला, तर पांढरा साका परत येतो.

सिस्टिन सर्वांत हट्टी. ०.१ नॉर्मल आम्लात १० मिलीमोलर अगदी काठावर येतं, म्हणून ०.५ ते १ नॉर्मल आम्ल घ्या. अल्कात ते विरघळतं, पण गरम अल्कात गंधकाचे बंध तुटून खराब होतं. तेव्हा सिस्टिनला अल्क दिलंच तर थंड, आणि लगेच वापरा.

पायरी ५: हे द्रावण पुढे कुठे जाणार?

पूड विरघळली म्हणजे काम संपलं असं नाही. खऱ्या अडचणी पुढच्या भांड्यात दिसतात.

बफरमध्ये किंवा पेशींच्या माध्यमात घालायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, मिसळल्यानंतरची तीव्रता उदासीन पीएचच्या मर्यादेखाली आहे का? टायरोसिनसाठी ती २.५ मिलीमोलर. ५० मिलीमोलरचं अल्कधर्मी द्रावण शंभरपट पातळ केलं तर ०.५ मिलीमोलर उरतं, काही अडत नाही. दहापट केलं तर ५ मिलीमोलर, आणि साका हमखास. तुलनेसाठी, पेशी वाढवण्याच्या डीएमईएम माध्यमात टायरोसिन सुमारे ०.४ मिलीमोलर असतं, आणि तेही विद्राव्यतेसाठी डायसोडियम क्षाराच्या रूपात घालतात. दुसरी गोष्ट, बफरला तेवढं आम्ल किंवा अल्क पेलवतं का? वरच्या आम्लातल्या द्रावणाचा १ मिली ९ मिली बफरमध्ये घातला की १० मिलीमोलर हायड्रोक्लोरिक आम्लही आत जातं. १० मिलीमोलरचा फॉस्फेट बफर त्यापुढे टिकत नाही आणि ५० मिलीमोलरच्या बफरचाही पीएच जाणवण्याइतका उतरतो. मिसळून झाल्यावर पीएच मोजाच. शिवाय एकदम ओतू नका. ढवळत्या बफरमध्ये थेंबाथेंबाने सोडा, नाहीतर थेंब पडतो तिथेच स्फटिक धरतात.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचन घ्यायचं असेल तर द्रावकाचा पीएच थेट उत्तर बदलतो. टायरोसिन उदासीन किंवा आम्लधर्मी पाण्यात २७५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. अल्कात तो शिखरबिंदू २९३ च्या जवळ सरकतो आणि शोषणही वाढतं. एक नमुना आम्लात, दुसरा अल्कात असं करून तुलना करू नका, आणि ब्लँक (पदार्थाशिवायचा तुलनेचा नमुना) त्याच द्रावकाचा ठेवा.

टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) किंवा पेपर क्रोमॅटोग्राफीसाठी मिलीला १ मिलिग्रॅम पुरतं. १० टक्के आयसोप्रोपेनॉल असलेलं पाणी घ्या. ठिपका लवकर वाळतो आणि बुरशीही लवकर धरत नाही. टायरोसिन आणि सिस्टिन ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात करा. सोडियम हायड्रॉक्साइड इथे टाळा, कारण ते वाळून मागे उरतं आणि ठिपक्याला शेपूट फुटते. प्लेट कडेने धरा. निनहायड्रिन (अमिनो आम्लांना जांभळा रंग आणणारं रसायन) फवारल्यावर बोटांचे ठसेही जांभळे उमटतात.

फार्मसीच्या विद्यार्थ्यांना निर्जल अनुमापनात (पाण्याविना केलेल्या टायट्रेशनमध्ये) वेगळाच द्रावक दिसतो: ३ मिली निर्जल फॉर्मिक आम्लात विरघळवून वर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल, आणि अनुमापन ०.१ मोलर परक्लोरिक आम्लाने. पाण्यात अमिनो आम्लाचा अंतिम बिंदू धूसर येतो, निर्जल आम्लात तो ठळक होतो. फॉर्मिक आम्ल त्वचा भाजतं, हातमोजे घाला.

पेप्टाइड बनवण्यासाठी एफमॉक किंवा बॉक हे संरक्षक गट लावलेली अमिनो आम्लं घेतली की वरचे नियम उलटतात. अमिनो गट झाकला गेल्यामुळे झ्विटर आयन होत नाही, आणि ती डीएमएफ किंवा एनएमपी या सेंद्रिय द्रावकांमध्ये सहज विरघळतात, पाण्यात नाहीत. डीएमएफची बाटली ताजी असावी. जुन्या डीएमएफमध्ये साठलेलं डायमिथाइलअमाइन एफमॉक गट हळूहळू काढून टाकतं.

जपून हाताळायची मंडळी

ग्लुटामिन गरम करू नका आणि ऑटोक्लेव्ह तर नकोच. त्यातून अमोनिया सुटतो आणि पायरोग्लुटामिक आम्ल तयार होतं. २०० मिलीमोलर, म्हणजे मिलीला २९.२ मिलिग्रॅम, पाण्यात करा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि लहान नळ्यांत उणे २० अंशांना ठेवा. वितळवल्यावर तळाशी पांढरं दिसलं तर फेकू नका. ३७ अंशांना कोमट करून हलवलं की विरघळतं. सिस्टीन उदासीन किंवा अल्कधर्मी पाण्यात हवेमुळे सिस्टिन होतं, आणि पाण्यातला तांब्याचा अंश हे आणखी वेगाने घडवतो. ते थोड्या आम्लात, ताजं करा. ट्रिप्टोफॅन गरम तीव्र आम्लात नष्ट होतं आणि उजेडात पिवळं पडतं. २० मिलीमोलरसाठी ४०८ मिलिग्रॅम १०० मिली कोमट पाण्यात, आणि बाटली तपकिरी.

विरघळलं हे ओळखायचं कसं?

पाठीमागे काळा कागद धरा आणि बाजूने टॉर्च मारा. खरं द्रावण गप्प असतं, त्यात काही चमकत नाही. टायरोसिनच्या सुया उरल्या असतील तर ढवळताना पाण्यात रेशमी झळाळीची लाट फिरताना दिसते. सोनिकेटर वापरला असेल तर विशेष काळजी घ्या, तो पुडीचे इतके बारीक कण करतो की नुसत्या डोळ्यांना द्रावण स्वच्छ भासतं. अर्धा तास स्थिर ठेवा आणि तळ पुन्हा पाहा. उरलेले कण गाळून टाकून तेच द्रावण ‘१० मिलीमोलर’ म्हणून वापरू नका; जे गाळलं गेलं ते तुमचंच टायरोसिन होतं, आता खरी तीव्रता कुणालाच ठाऊक नाही.

बाटलीवर नुसतं ‘टायरोसिन १० मिलीमोलर’ लिहू नका. द्रावक, आम्लाची किंवा अल्काची तीव्रता, पदार्थ मुक्त रूपात की क्षार, आणि तारीख, हे चारही लिहा. नुसत्या पाण्यातली अमिनो आम्लं जंतूंचं खाद्य असतात. ४ अंशांना ठेवली तरी आठवड्याभरात वापरून टाका, आणि हलवल्यावर ढगाळ दिसली, कोमट करूनही निवळली नाहीत, तर ते स्फटिक नाहीत, जंतू आहेत.